गेनबांचा सहा वाजताचा श्वास

माझे सासरे गेनबा यांना जन्मात कधी घड्याळ लागलं नाही. पण गेल्या वर्षी त्यांचा श्वास मात्र रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला अडकायला लागला. इतका वेळेवर, की शेजारच्या ढाब्यावरची माणसंसुद्धा मला विचारायची, "आज आला का ओ म्हाताऱ्याचा दम?" लोकांना काय, बसल्या जागी करमणूक.

आम्ही कापूरहोळला राहतो, हायवेवरून भोरचा रस्ता फुटतो तिथं. खाली माझ्या नवऱ्याचं, कुमारचं, गॅरेज आणि वर आमच्या दोन खोल्या नि गॅलरी. मामा, म्हणजे हे सासरे, दुपारचा चहा झाला की गॅलरीत जाऊन डोंगराकडे बघत उभे राहायचे. पहिल्यांदा झालं तेव्हा मी कामावरून येऊन भाजी निवडत होते. बाहेर काहीतरी आपटलं म्हणून बघितलं, तर मामांचा एक हात कठड्यावर, दुसरा गळ्याशी आणि तोंड उघडं. "वारं न्हाई गं," म्हणाले, "वारंच न्हाई हितं." दोरीवरचे कपडे उडत होते एवढं वारं होतं. घामानं सदरा भिजलेला, बोटांना मुंग्या. "चाललो म्या," एवढंच कसंबसं बोलले. गाडीत घालून भोरला दवाखान्यात पोचेपर्यंत ते बरे झाले होते आणि आपल्या पायतणांनी गाडी घाण झाली का ते बघत होते.

भोरला कार्डिओग्राम काढला, चांगला आला. पुन्हा झालं, पुन्हा नेलं, पुन्हा चांगला. मग पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे सगळ्या तपासण्या केल्या. ते म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, हा भीतीचा झटका आहे, याला पॅनिक म्हणतात. गोळ्या दिल्या. मामांनी त्या चार दिवस घेतल्या आणि नंतर उशीखाली सरकवायला लागले. त्यांना त्या निदानाचाच राग आला होता. बिबट्या कळपात शिरला तेव्हा नुसती काठी घेऊन आडवा झालेला माणूस, आणि त्याला भीतीचा झटका? "मला कशाचं आलंय टेन्शन? दोन येळची भाकर मिळती, सून बरी हाय," म्हणायचे. बरी! बघा, माझ्या वाट्याला एवढंच.

कुमारचं निदान वेगळं होतं. "आबांना मेंढरांकडं जायचंय, म्हणून चाललंय हे," तो म्हणायचा. त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही.

मामांचा जन्म भोंगवलीच्या वरच्या अंगाला, धनगरवस्तीवरचा. पंचेचाळीस वर्षं मेंढरांमागं चालले. दिवाळी झाली की कळप घेऊन वरंधा घाटानं कोकणात उतरायचं आणि पावसाच्या आत वर यायचं. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. चार रात्री कळप एका रानात बसला की लेंडीखतानं जमीन सुधारते. कुणाच्या रानात किती रात्री ते आधी बोलून ठरतं, आणि एकदा शब्द दिला की दिला. त्या शब्दावर पुढच्या वर्षीची वाट उघडी राहते, हे मामांनी मला शंभर वेळा सांगितलंय. दोन वर्षांपूर्वी कुमारनं त्यांना कळप मोडायला लावला. गुडघे गेले होते, चराऊ रानांना कुंपणं पडली होती, आणि एकुलता एक मुलगा गाड्यांची इंजिनं खोलत होता. मेंढरं काही धाकट्या भावानं, बाजीकाकांनी, आपल्या कळपात घेतली, काही विकली.

श्वास अडकायला लागला तो त्यानंतर. आणि दिवाळी जवळ आली तसं मामांनी एकच लावून धरलं. बाजीकाका कोकणात निघालेत, भोंगवलीत पाच रात्री बसतील, तिथून मी त्यांच्याबरोबर जाणार. एकदाच. कुमारनं सरळ नाही सांगितलं. घाटात दम अडकला तर कुणाला हाक मारणार? बाप-लेकाचं बोलणं तसंही मोजकंच असायचं, आता तेही बंद झालं. एकाच ताटलीतल्या चटणीकडे दोघांचे हात जायचे, पण एकमेकांकडे बघायचं नाही. मधल्या मध्ये मी दोघांना वाढत होते.

आता माझं सांगते. मी वैष्णवी. वडील भोरच्या एसटी डेपोत होते. पुण्यात कॉलेजला असताना एका मैत्रिणीला सोबत हवी म्हणून कोरियन भाषेच्या क्लासला गेले. तिनं महिन्यात सोडला, मला मात्र भाषा चिकटली. आज हायवेवरच्या एका कोरियन कंपनीत दुभाषी आहे. साहेब चिडून काय काय बोलतात आणि मी त्याचं मराठीत केवढं गोड करून सांगते, ते माझं मला माहीत. म्हणजे खोटं बोलणं मला नवीन नाही, हे आधीच कबूल करते.

त्या दिवाळीत साहेबांच्या आई दोन महिन्यांसाठी इकडं आल्या होत्या. डॉक्टर यून. सत्तरीच्या, बारीक चणीच्या, केस आखूड कापलेले. चाळीस वर्षं त्यांनी आपल्या गावात तिकडचं जुनं वैद्यक केलेलं. नाडी बघायची, सुया टोचायच्या, मुळ्या उकळून द्यायच्या. एकदा त्यांच्यासोबत कंपनीच्या गाडीतून जाताना मी मामांचं सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "मी इथं औषध देऊ शकत नाही, मला परवाना नाही. पण माझ्याच वयाचा माणूस आहे, भेटायला येईन."

रविवारी त्या यायच्या होत्या. सकाळी कुमार पान्हा पुसत माझ्याजवळ आला. "हे बघ, त्या बाई काय म्हणायचं ते म्हणू देत. तू आबांना सांग, जाऊ नका म्हणाल्या."

"आणि खोटं कळलं तर?"

"कुणाला कळणार? कापूरहोळात दुसरं कोण बोलतंय कोरियन?"

हे मात्र खरं होतं. मी "बघू" म्हणाले. तो खाली गाडीखाली शिरला.

यून बाई आल्या आणि खुर्ची सोडून सरळ खाली सतरंजीवर मांडी घालून बसल्या. तिथंच मामांनी त्यांना पास करून टाकलं. बाईंनी आधी दवाखान्याचे कागद मागितले. एकेक कागद उजेडात धरून बघितला आणि म्हणाल्या, "तुमच्या डॉक्टरांनी हृदय नीट तपासलंय. ते चांगलं आहे म्हणतात ते मी मानते. तुम्हीही माना." मग मामांचा हात उशीवर ठेवून त्यांनी तीन बोटांनी नाडी धरली. आधी डावा हात, मग उजवा. खाली कुमारचा हातोडा चालू होता.

"सुरुवात कुठून होते? पोटातून? छातीतून?"

"पोटातनं गोळा उठतो आन् हितं येऊन बसतो," मामांनी गळा दाखवला. "गिळला जात न्हाई, थुकला जात न्हाई."

"कधी?"

"दिवस कलताना."

"पूर्वी, मेंढरं होती तेव्हा, त्या वेळेला तुम्ही काय करायचात?"

मला हा प्रश्न चौकशीपुरता वाटला. इतक्या डॉक्टरांत तो कुणी विचारला नव्हता, आणि खरं सांगायचं तर घरात आम्हीही नाही.

मामा म्हणाले, "बिऱ्हाड हुडकायचो."

बाईंना ते समजावून सांगताना मलाही नीट समजलं. सकाळी मेंढरं घेऊन पुरुष एका अंगानं जातो. बाईमाणूस घोड्यांवर भांडीकुंडी, कोंबड्या, लहान कोकरं लादून दुसऱ्या वाटेनं पुढं जाते. पाणी कुठं, आडोसा कुठं, कुणाच्या रानात बसायचं ठरलंय, हे बघून मुक्कामाची जागा तीच धरते. पुरुषाला फक्त गावाचं शिवार माहीत. दिवस कलला की तो कळप घेऊन त्या शिवारात येतो आणि धूर कुठं दिसतो ते बघतो. "सत्तावीस वरीस," मामा म्हणाले. "रोज येगळी जागा. रोज वाटायचं, आज काय घावत न्हाई. आन् मग धूर दिसायचा. अंबूची चूल. लांबनं बी वळखू यायची." मग म्हणाले, "आता दिवस कलला की डोळं आपसूक फिरत्यात. कुठं बगू?"

अंबू म्हणजे माझ्या सासूबाई. मी हे सगळं कोरियनमध्ये सांगितलं. बाईंनी मान हलवली. परक्या बाईनं सासऱ्यांच्या छातीला हात लावायचा म्हणजे पंचाईतच होती. त्यांनी स्वतःच्या छातीवर मधोमध बोट ठेवून जागा दाखवली आणि मामांना तिथं दाबायला सांगितलं. मामांनी दाबलं आणि "आयाई" करून बोट काढलं.

"आमच्या वैद्यकात," बाई म्हणाल्या, "श्वास, जीव, अंगातली चालना या सगळ्याला मिळून एकच शब्द आहे, गी. तो खालीवर फिरता असावा लागतो. मनात काही दाबून ठेवलं की त्याची आग होते. आग वर चढते, गी तिच्याबरोबर चढतो आणि छातीत कोंडतो. मग वाटतं श्वास संपला. या आजाराला आम्ही ह्वाब्योंग म्हणतो, आगीचा आजार. तो असेल तर ही जागा दुखते. तुमचे डॉक्टर त्याला भीतीचा झटका म्हणतात, तेही बरोबरच आहे. त्यांनी झटक्याला नाव दिलं. मी फक्त विचारते, आग कशाची?" आणि मग, बहुतेक मामांचा चेहरा बघून, हसून म्हणाल्या, "यात भित्रेपणा नाही. आमच्याकडे धीर पित्ताशयात राहतो असं मानतात. यांचं पित्ताशय चांगलं मोठं आहे."

मामांना हे फार आवडलं. पण लगेच म्हणाले, "राग न्हाई ओ माझा कुणावर."

"दुसऱ्यावर नसेल," बाई म्हणाल्या.

हे मी मराठीत सांगितलं. मग ते माझ्याकडे न बघता, त्या बाईंच्या तोंडाकडे बघून बोलायला लागले. जिला आपली भाषा कळत नाही, तिला सांगणं त्यांना सोपं गेलं असावं. मी मध्ये बसले होते, पण त्या वेळेपुरती मी त्यांची सून नव्हते.

अठरा वर्षांपूर्वीचं ते सगळं होतं. घाट उतरून महाडच्या अलीकडे एका रानात बसले होते. बाजीकाका अर्धा कळप घेऊन पुढं गेलेले. मेंढ्या विण्याचे दिवस, रोज चार-पाच कोकरं. अंबूबाईंना ताप भरला. गावातल्या डॉक्टरांनी सुई दिली, उतरेल म्हणाले. उतरला नाही. कुमार तेव्हा अकरा वर्षांचा, भोरला वसतिगृहात. लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर झालेला एकच मुलगा. "पहिल्या दिशीच म्हणाली, कुमारला आणा. म्या म्हणलं, उद्या. एस्टीनं तीन तासाची वाट. पन मेंढरं कुनाच्या भरवशावर टाकू? आन् शेतकऱ्याला चार रात्रीचा शब्द दिल्याला. दुसऱ्या दिशी म्हणाली. म्या म्हणलं, उद्या. तिसऱ्या दिशी बी. चौथ्या दिशी सकाळी ती..." मामांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "चार रात्री पुऱ्या केल्या म्या. शब्द ऱ्हायला. पाचव्या दिशी म्होरल्या शेतात गेलो. पोराला दहा दिसांनी बाजीनं जाऊन सांगितलं. त्यानं कदी काय इचारलं न्हाई. म्या सांगितलं न्हाई. कोंच्या तोंडानं सांगू, की आई तुला बोलवत हुती आन् म्या मेंढरं धरून बसलो?"

हे मला भाषांतर करायचं होतं. कंपनीतल्या मशिनींचे सगळे शब्द मला तोंडपाठ आहेत, पण त्या वेळी तोंडातून साधं वाक्य निघेना. बाई थांबल्या. शेवटी मी एवढंच म्हणाले, "पत्नीनं मुलाला बोलावलं होतं. यांनी आणलं नाही." खाली हातोड्याचा आवाज चालूच होता.

यून बाईंनी मामांचा हात परत हातात घेतला, नाडीसाठी नाही, नुसताच. मनगटाच्या वर तीन बोटं सोडून दोन शिरांमधली जागा दाखवली. झटका आला की पळू नका, बसा. ही जागा दाबा, श्वास ओढायच्या मागं लागू नका, हळूहळू सोडा. तो येईल आणि जाईल, मारणार नाही. छातीत खरंच कळ आली, हात भरून आला, तर मात्र थेट दवाखाना गाठा.

"आन् मेंढरांमागं जाऊ का?" मामांनी विचारलं.

"जा," बाई म्हणाल्या. "पण तुमची आग घाटात नाही. ती खाली गाडीखाली आहे."

मी ते जसंच्या तसं सांगितलं.

बाई गेल्यावर कुमारनं जिन्यातच गाठलं. "काय म्हणाल्या?"

"जा म्हणाल्या."

"तुला सकाळी सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतंत. खोटं मी पगार घेऊन बोलते, घरात फुकट नाही बोलणार. आणि बाकीचं मामाच सांगतील." तो पाय आपटत खाली गेला.

मामांनी काही सांगितलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. सहा वाजता ते भिंतीला टेकून बसायचे, मनगट दाबायचे, हळू श्वास सोडायचे. झटका यायचा, पण दवाखान्याची वारी टळायची. मला मात्र रात्री कुमारच्या शेजारी पडल्यावर ते सगळं तोंडाशी यायचं. माझ्याही छातीत तिथंच दुखतंय का, हे मी एकदा चोरून दाबून बघितलं. दुखत होतं. पण ते माझं सांगायचं नव्हतं.

शुक्रवारी बाजीकाकांचा भोंगवलीतला शेवटचा मुक्काम होता. कुमार नाही नाही म्हणत गाडी काढून आम्हाला घेऊन गेला. मामांना भेटवून परत आणायचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलेलं. कापणी झालेल्या बाजरीच्या रानात बाजीकाकांच्या सुनेनं, कोमलनं, बिऱ्हाड मांडलं होतं. घोडी बांधलेली, जाळीचं कुंपण ठोकलेलं. दिवस कलला आणि लांबून कळप यायला लागला, धुळीसकट, बें बें करत. मामा बांधावर उभे होते. त्यांची नजर कळपावर नव्हती. ती रानभर फिरत होती. मग त्यांचा हात गळ्याशी गेला.

"बघा!" कुमार ओरडला. "हेच सांगत होतो मी. चला, गाडीत बसा, भोरला जाऊ."

मामा गाडीत बसले नाहीत. होते तिथंच खाली बसले, मनगट धरलं, तोंडानं हळूहळू श्वास सोडायला लागले. कुमार दंडाला धरून उठवत होता, तर त्यांनी त्याचाच हात घट्ट धरून ठेवला. मी मध्ये पडले नाही. कोमल पाणी घेऊन आली, तिला मी लांबच थांबवलं. पाच मिनिटं झाली असतील, सात झाली असतील. श्वास खाली बसला, तसे मामा बोलले.

"कुमार, तुझ्या आईनं तुला बोलवलं हुतं."

आणि मग सगळं सांगितलं. तिन्ही दिवस, तिन्ही उद्या, शेतकऱ्याला दिलेला शब्द. या वेळी दुभाषी नव्हता. मेंढरं आमच्या दोन्ही बाजूंनी जाळीकडे चालली होती आणि मामांना आवाज चढवून सांगावं लागत होतं. मला वाटलं, आता कुमार उठेल, गाडीत बसेल आणि निघून जाईल. त्याचा राग मला माहीत आहे. तसा उठला असता तरी मी त्याला बोल लावला नसता.

कुमार तिथंच लेंड्यांत खाली बसला. मग विचारलं, "मला बोलवलं होतं तिनं?"

"व्हय रं."

"मला वाटायचं, तिनं माझं नावच काढलं नसंल. तुमी कुणी कदी काय बोलला न्हाई. मला वाटायचं, मी लांब ऱ्हायलो म्हणून इसरली."

"इसरती काय!" मामांचा आवाज फाटला. "सारखी तुजीच याद. डोळं मिटल्यालं असायचं, पन बाहेर कुत्रं भुकलं की म्हणायची, कुमार आला वाटतं, त्याला भाकर वाढा."

कुमारनं बापाचा हात सोडला नव्हता. अकरा वर्षांच्या मुलाचा असावा तसा त्याचा चेहरा झाला होता, आणि त्यानं तो लपवलाही नाही.

"परत सांगा," तो म्हणाला. "कुत्रं भुकलं की काय म्हणायची?"